चिठ्ठ्या वाचणारे चाचा

चाचा कोणाला 'कसं काय' असं विचारत नसत. सकाळच्या पाळीचा माणूस खाणीच्या दिवा-खोलीत आमच्या खिडकीवर आला, त्यानं आपला पितळेचा बिल्ला सरकवला, की दिवा देता देता ते विचारायचे, "काल काय घेतलं?" माणूस सांगायचा, दोन किलो साखर, पोराचं दप्तर, बायकोची चप्पल. चाचा मान हलवायचे आणि पुढच्याकडे वळायचे. 'काहीच नाही घेतलं' असं कोणी म्हटलं, तर मात्र ते त्याच्याकडे जरा वेळ बघत राहायचे. मागे रांग खोळंबायची, शिव्या सुरू व्हायच्या. त्याचं त्यांना काही नव्हतं.

माजरीच्या बाजूची ती कोळशाची भुयारी खाण. खाली उतरणाऱ्यानं आपल्या नंबरचा बिल्ला दिवा-खोलीत ठेवायचा, टोपीचा दिवा आणि कमरेची बॅटरी न्यायची. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. बोर्डावर ज्याचा बिल्ला टांगलेला, तो अजून खाली आहे. हे सगळं चाचांच्या ताब्यात होतं. मी त्यांच्या हाताखाली बॅटऱ्या चार्जिंगला लावायची, त्यात पाणी भरायची. ॲसिडचे शिंतोडे उडून माझ्या सगळ्या साड्यांना बारीक भोकं पडली होती.

चाचा वरोऱ्याचे. वडील भांड्यांना कल्हई करायचे. स्वतः चाचा दहावीपर्यंत शिकलेले, पण इंग्रजी कागद बोट ठेवून ठेवून वाचायचे आणि अडलेला शब्द पाठ करून ठेवायचे. रोज पहिल्या बसनं येत. स्वभावानं गोड मुळीच नव्हते. एखाद्याशी बिनसलं की चार-चार दिवस अबोला धरायचे आणि दिवा हातात न देता कट्ट्यावर ठेवायचे. मला पहिले सहा महिने त्यांची भीतीच वाटत होती.

त्या वर्षांत आमचा पगार रोख मिळायचा बंद होऊन बँकेत जमा व्हायला लागला होता, आणि त्याच्या मागोमाग क्रेडिट कार्डवाले आले. पगाराच्या दिवशी कॅन्टीनसमोर टेबल मांडून, भर उन्हात टाय लावून पोरं बसायची. एका कार्डावर पेट्रोलचे पाच टक्के परत, दुसऱ्यावर किराण्याचे, तिसऱ्यावर हॉटेलचे, चौथ्यावर सगळ्याचेच पण अर्धाच टक्का. लोकांना कॅशबॅक हा शब्द फार आवडला. खर्च करायचा आणि पैसे परत मिळवायचे, असं आधी कोणी कधी सांगितलं नव्हतं. पण त्यातलं कोणतं घ्यावं हे कोणालाच कळत नव्हतं. तेव्हा लोक चाचांकडे यायला लागले, कारण सगळ्या बँकांची सगळी पत्रकं वाचलेला खाणीत तो एकच माणूस होता. एक्स-रेची जुनी फिल्म दुमडून त्याचं पाकीट केलेलं, त्यात ती पत्रकं नीट लावलेली असायची.

त्यांची रीत ठरलेली होती. कोणतं कार्ड चांगलं, या प्रश्नाला ते उत्तरच देत नसत. "तीन महिन्याच्या चिठ्ठ्या आना," एवढंच. चिठ्ठ्या म्हणजे खरेदीच्या पावत्या. एक महिना चालत नसे, कारण एखाद्या महिन्यात लग्न निघतं, एखाद्यात शाळा उघडते, त्या महिन्यात माणूस आपल्या सवयीनं वागत नाही. भाजीवाली चिठ्ठी देत नाही, तर ती आपण लिहायची, आणि लिहिताना लाजायचं नाही. मग डबा खाऊन झाला की चाचा कट्ट्यावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे. पेट्रोल, किराणा, औषधं, कपडे. चार-पाच दिवस काही बोलायचे नाहीत. मग त्या माणसाला बोलावून घ्यायचे.

एका फिटरला त्यांनी पेट्रोलचं कार्ड घेऊ दिलं नाही. महिन्याचं पेट्रोल आठशेचं. पाच टक्क्यानं चाळीस, वर्षाचे चारशे ऐंशी. कार्डाची वर्षाची फी पाचशे. "म्हनजे वर्षाले वीस रुपये तुमी बँकेले देऊन राह्यले," चाचा म्हणाले, "आन् घरी सांगता का बँक मले देते." इलेक्ट्रिशियनला हॉटेलचं कार्ड हवं होतं, त्याच्यावर एका झगमगीत टेबलाचं चित्र होतं. चाचांनी त्याच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा चाळल्या.

"हाटेलची एक बी चिठ्ठी नाई यात."

"आता जाऊ ना चाचा, कार्ड आल्यावर."

"मंग ते तुमची सवय नाई. ते हौस आहे. हौशीवर बँक काई परत नाई देत."

तो रुसला आणि त्यानं ते कार्ड घेतलंच. पुढे वर्षभरात तो नागपूरला जाऊन दोनदा जेवला.

आणखी एक त्यांचं वेड होतं. रविवारी सुट्टीच्या दिवशी वरोऱ्याच्या बाजारात दुकानोदुकान फिरून ते कुठे कार्डाचं मशीन आहे ते बघून यायचे. कुठे होतं, कुठे होतं पण फडक्याखाली झाकलेलं होतं, कुठे फोनची लाईनच लागत नव्हती. एका कापडवाल्यानं तर ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून नुसतं मांडून ठेवलं होतं. मशीन नसेल त्या दुकानातला खर्च चाचा बाजूला काढायचे. मग माणसापुढे जो उरायचा तो ढीग बऱ्याचदा मूठभर असायचा. चाचांच्या सल्ल्यानं कार्ड घेतलेले पाच-सहाच असतील. ज्यांना 'नको' सांगितलं ते पुष्कळ, आणि त्यातले निम्मे त्यांच्यावर चिडलेले. बँकेची पोरं तर त्यांना बघून टेबल उचलून पलीकडे न्यायची.

आता माझं सांगते.

माझा नवरा त्याच खाणीत हॉलेजवर, कोळशाचे डबे ओढायच्या कामावर होता. काविळीनं वीस दिवसांत गेला. मुलगी तेव्हा चार वर्षांची. दीड वर्षानं त्याच्या जागी मला नोकरी लागली. नोकरी देताना एका कागदावर सही घेतली होती की सासूला आणि मुलीला मी सांभाळीन. नाही सांभाळलं आणि कोणी तक्रार केली, तर नोकरी जाऊ शकते. क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहायचो, सासू, मुलगी, मी आणि धाकटा दीर. दिराला कामधंदा नव्हता, पण घरातला पुरुष तोच. माझा पगार बँकेत जमा व्हायचा आणि पैसे काढायचं एटीएमचं कार्ड त्याच्याजवळ असायचं. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं, हे मी खरं सांगते. बाजार तो करायचा, बिलं तो भरायचा. मी नोकरी करायची आणि घरी यायची.

कार्डवाल्यांचा फॉर्म एक दिवस तोच घेऊन आला. कार्ड माझ्या नावानं, कारण पगार माझा. पण त्याच फॉर्मवर एक रकाना होता, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावानं आणखी एक जास्तीचं कार्ड. "वयनी, इथी माझं नाव टाकू," तो म्हणाला. "कोनतं कार्ड ते तुमच्या चाचाले विचारून घ्या. लोक म्हनतेत त्याले समजते." तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या त्यानं स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिल्या. मी ती पिशवी मोठ्या ऐटीत नेली. आपल्याही घरी चाचांनी बघण्यासारखा खर्च आहे, असं मला वाटत होतं.

चाचांनी सहा दिवस घेतले. सातव्या दिवशी डब्यानंतर मला समोर बसवलं.

"बाई, तुमच्याकडे गाडी कोनती आहे?"

"माझ्याकडे कायची गाडी?"

"मंग हे पेट्रोलच्या सतरा चिठ्ठ्या?"

मी म्हटलं, भाऊजींची गाडी आहे. चाचांनी तो ढीग डावीकडे सरकवला. मग मोबाईलच्या रिचार्जचा, मग शर्ट-पँटचा, मग वरोऱ्यातल्या एका ढाब्याचा. एकेक ढीग सरकवताना ते मला विचारत होते आणि मी सांगत होते, भाऊजींचा. किराणा आणि सासूची औषधं मध्ये राहिली. उजवीकडे फक्त चार चिठ्ठ्या उरल्या. त्यातल्या तीन मुलीच्या वह्या-पुस्तकांच्या आणि एक डोकेदुखीच्या गोळ्यांची.

"हे येवढी तुमची," चाचा गोळ्यांची चिठ्ठी उचलून म्हणाले. "तीन महिन्यात."

"मी खर्चच नाई करत, चाचा."

"मंग मी तुमाले कार्ड कसं सांगू? सवय पाहून सांगतो मी. यात तुमी नाईच."

मला इतका राग आला की काय सांगू. आमच्या घरात डोकावणारे हे कोण? मी पिशवी उचलून कट्ट्याखाली ढकलली आणि आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही अबोला काही नवा नव्हता. आम्ही दोघं एका खोलीत मुक्यानं बॅटऱ्या लावत होतो. पण राग चाचांवर नव्हता, हे मला त्या आठ दिवसांतच कळायला लागलं होतं.

एका संध्याकाळी मी दिराकडे शंभर रुपये मागितले. तो रागावला नाही, हसून म्हणाला, "देतो ना. कायले पाह्यजे?" आणि मला सांगता आलं नाही. मी तिथे उभी राहून आठवत राहिले, मला काय हवं आहे? एकही वस्तू डोळ्यांपुढे येईना. "राहू द्या," म्हणून मी आत गेले. त्या रात्री मी रडले ते पैशासाठी नव्हे. तीस वर्षांच्या बाईला स्वतःसाठी एक गोष्ट मागता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी अबोला मोडून चाचांना हे सांगितलं. त्यांनी हातातली बॅटरी खाली ठेवली आणि त्यांच्या बायकोची गोष्ट सांगितली. ती मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाईंना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्यांच्यात माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या आवडीचं जेवण करून वाटतात. नातेवाईक बायांनी चाचांना विचारलं, तिला काय आवडायचं? बावीस वर्षं चाचांनी पगार बायकोच्या हातात दिला होता. तिनं त्यातून घर चालवलं. तिनं स्वतःसाठी काय आणलं, काय खाल्लं, हे चाचांनी कधी विचारलं नव्हतं.

"मी म्हनलं, काई बी करा. त्याईनं जर्दा केला, गोड भात. सगळेच करतेत." त्यांनी खाली ठेवलेली बॅटरी पुन्हा उचलली. "मंग शेजारची म्हातारी म्हने, भाई, थे तर गोड खातच नव्हती."

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाळी बदलायची वेळ झाली होती आणि दुसऱ्या पाळीची माणसं दिवे घ्यायला खिडकीवर यायला लागली होती. चाचा उठले आणि पहिल्या माणसाला त्यांनी विचारलं, "काल काय घेतलं?" इतकी वर्षं लोक त्या प्रश्नाला हसत होते. मीही हसले होते.

मग माझी शिकवणी सुरू झाली. दुसरा शब्द मला सापडत नाही. रोज एक तरी वस्तू स्वतःच्या मनानं घ्यायची, कितीचीही, आणि त्याची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी आणायची. दीर ऑटोसाठी रोज द्यायचा ते तीन रुपये वाचवून त्यातून घ्यायचं, म्हणून मी कॉलनीपर्यंत पायी जाऊ लागले. पहिल्या दिवशी फुटाणे घेतले, आणि ते घ्यावेत की नाही हे ठरवायला गाडीसमोर दहा मिनिटं उभी राहिले. चाचा चिठ्ठ्या बघून मास्तरासारखे कडक बोलायचे.

"क्लिपा दोन. कोनाच्या?"

"पोरीच्या."

"हे पोरीचं झालं. चुना-तंबाखू?"

"सासूचा."

"हे सासूचं. तुमचं कोनतं?"

असे पंधरा-वीस दिवस गेले. फुटाणेसुद्धा मी मुलीलाच दिले होते, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मग एके दिवशी मी चिठ्ठी ठेवली. त्यावर लिहिलं होतं, कुलूप एक, किल्ल्या दोन, बावीस रुपये. चाचांनी ती वाचली आणि वर पाहिलं.

"कायले लावलं?"

"माझ्या पेटीले."

"पेटीत काय आहे?"

"आत्ता काईच नाई."

त्यांनी ती चिठ्ठी उजवीकडे ठेवली. "हे तुमचं," एवढंच म्हणाले. मला कोणी पदक दिलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

पेटीत ठेवायला काहीतरी हवं, म्हणून मी एक दिवस रजा टाकून एकटी बँकेत गेले आणि नवीन एटीएम कार्डाचा अर्ज केला. जुनं बंद करा म्हटलं. बाबूनं विचारलं, हरवलं का? मी म्हटलं, "हरवलं नाई. माझ्याजवळ नाई." त्यानं काय समजायचं ते समजून शिक्का मारला.

पगाराचा दिवस आला. दिराजवळचं जुनं कार्ड एटीएमच्या मशीननं घेतलं नव्हतं, त्यामुळे तो आधीच तापलेला. कार्डवाल्या पोराला घेऊनच तो दिवा-खोलीच्या खिडकीवर आला. हातात फॉर्म, पेन उघडं. दुसऱ्या पाळीची माणसं रांगेत उभी होती.

"चाचा, तुमीच सांगा," दीर म्हणाला. "आमच्या घराले कोनतं कार्ड बरं?"

"भाऊ, तुमच्या सवयी मले पाठ झाल्या," चाचा म्हणाले. "पेट्रोलचं घ्या तुमी. फक्त तुमचा पगार कुठी आहे ते या पोराले सांगा."

रांगेतले दोघं-तिघं हसले. दिरानं फॉर्म माझ्यापुढे धरला. "वयनी, सही करा."

मी त्याची पिशवी कट्ट्याखालून काढून त्याच्यापुढे ठेवली. "भाऊजी, या चिठ्ठ्या तुमच्या आहेत, घेऊन जा. सही मी नाई करत." आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्याच कोणाचा वाटला.

पंधरा दिवसांत ऑफिसात तक्रार गेली की मी सासूला सांभाळत नाही. आता नोकरी जाणार, असं मला वाटलं. साहेबांपुढे जायच्या दिवशी चाचा सोबत आले, पण दाराबाहेर थांबले. "चिठ्ठ्या तुमच्या, तुमीच दाखवा," म्हणाले. नवीन कार्ड आल्यापासून किराणा, सासूची बीपीची औषधं, डॉक्टर, सगळं मी माझ्या हातानं केलं होतं आणि सवयीप्रमाणे कागद ठेवले होते. साहेबांनी ते चाळले आणि सासूला बोलावून विचारलं. सासू आयुष्यात माझ्या बाजूनं पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "दवाई तर आता टायमावर येते." तक्रार तिथेच मिटली. दीर वर्षभरानं कामाला लागला, बल्लारशाहकडे. आमचं बोलणं आजही बेताचंच आहे.

चाचा निवृत्त झाले, आणि तीन वर्षांपूर्वी गेले. खाणीतली पुष्कळ माणसं मातीला होती. त्यांनी स्वतः कधी कार्ड घेतलं नाही. विचारलं तर म्हणायचे, माझा खर्च चहाचा आणि बसचा, त्यात बँक मला काय परत देणार? काही लोक अजून म्हणतात, म्हाताऱ्यानं लोकांच्या घरात नको तितकं नाक खुपसलं. माझ्या बाबतीत खुपसलं हे खरंच आहे. मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं, ते राहून गेलं.

त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला असताना मी माझ्या स्वतःच्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी पाच दिवस घेतले आणि म्हणाले, "तुमाले कार्डाची गरज नाई. किराना मशीन नसलेल्या दुकानातून आनता तुमी. फायदा काईच नाई."

"औषधांचं दुकान आहे ना मशीनवालं. मी हिशोब केला, फी जाऊन वर्षाले दीडशे वाचतेत."

"दीडशेसाठी?"

"दीडशेसाठी, चाचा. मले पाह्यजे आहे."

त्यांना ते आवडलं नाही. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी हात पुढे करून म्हणाले, "दाखवा फारम." नाव, नंबर, पगार, सगळ्यांवर बोट ठेवत ते खाली आले. जास्तीच्या कार्डाच्या रकान्यात मी या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली होती. तिथे त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"पेन्सिलची तर नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाई. पेनाची आहे," मी म्हटलं.

त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला, कट्ट्यावर ठेवला नाही.